पंचगंगेचें नवें पाणी

कोल्हापुरास येणारा पाहुणा प्रथम अंबाबाईचें दर्शन घेतो, नंतर रंकाळ्यावर फिरावयास जातो, आणि वेळ उरलाच तर सायंकाळीं पंचगंगेच्या घाटावर येऊन बसतो. आमच्या घरची रीत उलटी आहे. आमच्या मातोश्री पाहुण्यास आधीं घाटावर धाडतात. "अंबाबाई आहे तेथेंच आहे, नदी मात्र रोज निराळी असते," असें त्यांचें म्हणणें. लग्न होऊन त्या ह्या शहरांत आल्या त्यास आतां साठ वर्षांवर काळ लोटला. एवढ्या अवधींत त्यांनीं नदीच्या पाण्याचे चार भेद पाडून ठेवले आहेत: मृगाचें नवें पाणी, श्रावणांतलें पुराचें पाणी, कार्तिकांतलें निवळलेलें पाणी आणि चैत्र-वैशाखांतलें थांबलेलें पाणी. पैकीं नवें पाणी घरांत आणावयाचें नाहीं, हा त्यांच्या माहेरचा दंडक. त्या दंडकामागें काय होतें, तें त्यांनीं आम्हांस कधींच सांगितलें नव्हतें. तें गेल्या आश्विनांत कळलें, आणि तेंहि एका कांचेच्या तबकडीमुळें. ती हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेख.

त्याच्या आदल्या वर्षीं मृगाच्या पहिल्या सरींनंतर आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा मित्रांबरोबर नदीवर पोहावयास गेला. पाण्यास नुकताच तांबूस रंग आला होता. पोरें यथेच्छ डुंबलीं, नाकातोंडांत पाणी गेलें, आणि दहा-बारा दिवसांनीं ह्या मुलास ताप भरला. तो विषमज्वर निघाला. तीन आठवडे घरांत कोणाच्या तोंडास चव नव्हती. औषधोपचारानें मुलगा बरा झाला, पण घरांत दोन पक्ष पडले. आमचे थोरले बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, ते म्हणाले, "आतां आईचें कार्तिकस्नान बंद. पंचगंगा पूर्वीची राहिली नाहीं." वहिनींस तें पटेना. चौऱ्यांशी वर्षांच्या बाईचें एवढें एक व्रत. तें काढून घेतलें तर तिनें धरावयाचें तरी काय, असा त्यांचा सवाल. मातोश्रींनीं दोघांचेंहि ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "नदींत काय आहे तें मला दाखवा. मग माझें मी ठरवीन."

दाखविण्याचें काम दादांच्या कन्येकडे आलें. ती महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिनें सांगितलें कीं, एका दिवसाच्या पाण्यावरून नदीची पारख होत नाहीं. वर्षाचे सारे ऋतु पाहिले पाहिजेत, आणि नदीबरोबर समुद्रहि पाहिला पाहिजे. कारण पाण्यांतील जीवाणु आणि त्या जीवाणूंस खाणारे विषाणु ह्यांचा खेळ सर्वांत मोठ्या प्रमाणावर जेथें चालतो ती जागा किनाऱ्यावरची. आमचे मामा मालवणाकडे असतात. तेव्हां जाण्यायेण्याची सोय होतीच. अशा रीतीनें आमचें हें वर्षभराचें जलदर्शन सुरू झालें.

कोल्हापूरचा आणि समुद्राचा संबंध काय, असें कोणी विचारील. पंचगंगेच्या घाटालगतच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५च्या सुमारास तेथें उत्खनन झालें, आणि त्या परिसरांत ज्या जुन्या वस्तु मिळाल्या त्यांत ब्राँझची एक लहानशी मूर्ति होती. ती ग्रीकांच्या पोसायडनची, म्हणजे सागरदेवतेची. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत ती ठेवलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणांतल्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून ह्या नदीच्या काठीं येत असे, त्याची ही खूण. सागरदेवता येथें आली ती व्यापाऱ्याच्या गांठोड्यांतून. समुद्राचें पाणी मात्र दरवर्षीं ढगांतून येतें. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पांच नद्यांचें नांव आपण पंचगंगेस देतों. त्या साऱ्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून निघतात, आणि त्यांचें पाणी अरबी समुद्रावरून आलेल्या मेघांचें असतें. तें चिखलीच्या प्रयागावर एकत्र होतें, कोल्हापुरावरून नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळतें, आणि आंध्रांत हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरांत जातें. ज्या समुद्रानें पाणी दिलें त्यास तें परत मिळत नाहीं. मिळतें तें दुसऱ्याच समुद्रास!

वैशाखांत आम्ही प्रथम निघालों. कळ्यावरून गगनबावड्यास जाणारा रस्ता बराच वेळ कुंभीच्या खोऱ्यांतून जातो. दोन्ही अंगांस ऊंस, मधून मधून भाताचीं रिकामीं खांचरें, आणि नदींत जागोजाग बंधाऱ्यांनीं अडविलेलें हिरवट पाणी. हेंच मातोश्रींचें थांबलेलें पाणी. कोल्हापूर शहरांत वर्षास हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पंचावन्न किलोमीटरांवरील गगनबावड्यास तो पांच हजारांच्या वर जातो. एका दिवसाच्या वाटेवर एवढा फरक! बावड्याच्या कड्यावर उभे राहिलें म्हणजे पाठीमागच्या ओहोळाचें पाणी बंगालच्या उपसागराकडे आणि पुढल्याचें अरबी समुद्राकडे जातें. पुतणीनें दोन्ही बाजूंस एक एक बाटली भरून घेतली. मातोश्रींनीं गगनगडाकडे पाहून हात जोडले आणि घाट उतरतांना डोळे मिटून घेतले, ते वैभववाडी येईपर्यंत उघडले नाहींत.

मालवणास दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही सिंधुदुर्ग पाहिला. १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं ज्याचा पाया घातला तो हा जलदुर्ग. चहूंकडून खारें पाणी आणि आंत दूधबाव, साखरबाव, दहीबाव ह्या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! मातोश्रींनीं साखरबावीचें पाणी ओंजळींत घेतलें, पण तोंडास लावलें नाहीं. नातवाच्या तापानंतर त्यांचा हात अडखळूं लागला होता, हें आमच्या तेव्हां लक्षांत आलें.

सायंकाळीं देवबागेस, कर्ली नदी जेथें समुद्रास मिळते तेथें, आम्ही वाळूवर बसलों. पाणी नितळ होतें. बोट बुडवून चाखलें तर खाडींतहि बरेंच आंतपर्यंत समुद्राचाच खारटपणा. उन्हाळ्यांत नदीचा जोर सरतो आणि समुद्र भरतीबरोबर खाडींत शिरतो. पुतणीनें चहाचा एक चमचा ह्या पाण्यानें भरला आणि आजीसमोर धरला. "ह्यांत किती जीव आहेत, सांग पाहूं?" आजीनें निरखून पाहिलें. "एकहि नाहीं."

वाचकांसहि तसेंच वाटेल. परंतु समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यांत, म्हणजे सुमारें वीस थेंबांत, साधारणपणें दहा लक्ष जीवाणु असतात, आणि विषाणु त्यांच्या दसपट, म्हणजे कोटीच्या घरांत. चमच्यांत पांच मिलिलिटर पाणी धरलें तर पांच कोटि विषाणु झाले. समुद्रांत विषाणु अगदीं विरळ असावेत अशी शास्त्रज्ञांची पूर्वीं समजूत होती. १९८९ सालीं नॉर्वेंतील बर्गेनच्या संशोधकांनीं इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्यक्ष मोजदाद केली, तेव्हां ती समजूत पार मोडली.

येथें एक भीति दूर केली पाहिजे. विषाणु म्हटला कीं आपणांस सर्दी, देवी, कोरोना आठवतात. परंतु समुद्रांतील बहुतेक विषाणूंस मनुष्याशीं कांहीं कर्तव्य नसतें. त्यांचें भक्ष्य जीवाणु. अशा विषाणूस जीवाणुभक्षक किंवा फाज म्हणतात. तो स्वतः खात नाहीं, श्वास घेत नाहीं, एकटा वाढतहि नाहीं. आपल्या ठरलेल्या जातीचा जीवाणु भेटला म्हणजे त्याच्या अंगास चिकटून आपलें बीज तो आंत सोडतो. मग त्या जीवाणूचें सारें घर ह्या पाहुण्याच्या कामास लागतें. पुष्कळदां अर्ध्यापाऊण तासांतच तें घर फुटतें आणि शंभराच्या आसपास नवे भक्षक बाहेर पडतात. कुलुपास जशी आपलीच किल्ली लागते तशी प्रत्येक भक्षकाची जात ठरलेली. पटकीच्या जीवाणूचा भक्षक विषमज्वराच्या जीवाणूस शिवत नाहीं. समुद्राच्या वरच्या थरांतील जीवाणूंपैकीं सुमारें पंचमांश रोज ह्या रीतीनें मरतात, असा अंदाज आहे. मेलेल्यांचा अंश पाण्यांत विरघळतो आणि उरलेल्यांचें अन्न होतो. समुद्र नासत नाहीं त्याचें एक कारण हें रोजचें मरण आहे.

पुढली खेप गणपतीस झाली. मामांकडे दीड दिवसाचा गणपति असतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हा देवबागेस गेलों आणि ओळखूं येईना इतकी जागा बदललेली! खाडीचें पाणी तांबूस, वर काटक्या, पेंढा, नारळाच्या झावळ्या. बोट बुडवून चाखलें तर वरचें पाणी जवळ जवळ गोडें. गोडें पाणी हलकें असल्यामुळें तें वर तरंगतें आणि खारें खालीं राहतें. पावसानें घाटावरून, शेतांतून, गोठ्यांतून आणि गटारांतून जें धुऊन आणलें, तें सारें ह्या मुखाशीं येऊन ठेपतें. त्याबरोबर जमिनीवरचे जीवाणु येतात. कांहीं खारटपणानें मरतात, कांहीं चिखलाच्या कणांस चिकटून तळाशीं जातात. विषाणुहि चिखलास चिकटतात. शिवाय गढूळ पाण्यांत ऊन शिरत नाहीं, म्हणून उन्हाळ्यांत सूर्याच्या तेजानें जे जीवाणु व विषाणु नाश पावतात ते ह्या दिवसांत तगून राहतात. पावसाळा ओसरला कीं चिखल खालीं बसतो, ऊन आंत जातें, नद्यांनीं आणलेल्या क्षारांवर सूक्ष्म वनस्पति वाढतात, त्यांवर जीवाणु वाढतात, आणि जीवाणूंच्या मागोमाग त्यांचे भक्षक. गोव्यांत दोना पावल येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ सालीं स्थापन झाली. मांडवी व जुवारी ह्या नद्यांच्या मुखांतील पाण्याचा आणि जीवाणूंचा ऋतुमानाप्रमाणें अभ्यास तेथील संशोधक करीत आले आहेत. आमच्या मातोश्रींनीं चार पाण्यांची जी वर्गवारी केली, तीच त्यांच्या कोष्टकांत पावसाळ्यापूर्वीं, पावसाळ्यांत आणि पावसाळ्यानंतर अशा नांवांनीं दिसते.

परत येतांना मोटारींत दादांनीं मूळ प्रश्न काढला. "समुद्रांत हे भक्षक आहेत तसे नदींतहि असतील. मग नदी आपोआप शुद्ध होते, असें म्हणावयाचें काय?" मातोश्री एकदम सांवरून बसल्या. "मी तेंच म्हणतें आहे. गंगेच्या पाण्यांत कधीं किडे पडत नाहींत."

ह्या समजुतीस एक जुना आधार आहे खरा. अर्नेस्ट हँकिन नांवाचे इंग्रज जंतुशास्त्रज्ञ आग्र्यास सरकारी नोकरींत होते. गंगा आणि यमुना ह्यांच्या पाण्यांत पटकीचे जीवाणु सोडले तर ते कांहीं तासांत मरतात, असें त्यांस आढळलें. १८९६ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकांत त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. चिनी मातीच्या अतिसूक्ष्म गाळणींतून गाळलेल्या पाण्यांतहि हा गुण टिकत असे. उकळलें कीं मात्र तो नाहींसा होई. हें काय असावें, हें त्यांस उलगडलें नाहीं. पुढें १९१५ सालीं इंग्लंडांत ट्वोर्ट ह्यांनीं आणि १९१७ सालीं पॅरिसमध्यें देरेल ह्यांनीं जीवाणुभक्षकांचा शोध लाविला. देरेल १९२७ सालीं हिंदुस्थानांत आले आणि पटकीवर भक्षकांचा उपाय करून पाहूं लागले. हँकिन ह्यांच्या पाण्यांत भक्षकच होते, असें पुष्कळ जण मानतात. सर्वांस तें मान्य नाहीं. पण गंगेच्या थोरवीची ही कथा तेव्हांपासून घरोघर झाली आहे.

ही गोष्ट पुतणीनें आजीस मोठ्या आदरानें सांगितली. मग ती म्हणाली, "आतां घरीं गेल्यावर आपली पंचगंगा पाहूं."

आश्विनांत एके दिवशीं तिनें महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या अनुमतीनें त्या तबकड्यांचीं मोठीं छायाचित्रें आणि एक नीट बंद केलेली कांचेची तबकडी घरीं आणली. पहिल्या छायाचित्रांत वैशाखाच्या पाण्याची तबकडी होती, दुसऱ्यांत मृगाची, तिसऱ्यांत आश्विनाची. मनुष्याच्या व जनावरांच्या आंतड्यांत राहणारे जीवाणु ज्यावर गुलाबी दिसतात अशा खळीवर तें पाणी पसरलें होतें. वैशाखाच्या तबकडींत गुलाबी ठिपके मोजतां येत होते. मृगाच्या तबकडींत ते एकमेकांत मिसळून सारी तबकडी गुलाबी झाली होती. आश्विनांत पुन्हा ठिपके निराळे दिसूं लागले होते. मातोश्रींनीं मृगाच्या चित्रावर बोट ठेवलें आणि म्हणाल्या, "हें नवें पाणी."

त्याचें कारण उघड आहे. आठ महिने जमिनीवर, नाल्यांत, उकिरड्यांवर जें सांचतें, तें पहिला पाऊस एका झटक्यांत नदींत आणतो, आणि नदींत अजून तें विरळ करण्याइतकें पाणी नसतें. पूर आल्यावर पाणी गढूळ असलें तरी घाण हजारपट पाण्यांत वांटली जाते. अर्थात् पुरानें विहिरी, नळ, घरें बुडालीं म्हणजे गोष्ट निराळी. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात, आणि २०१९ व २०२१ सालीं पाणी पन्नास फुटांच्याहि वर गेलें, तेव्हांचा अनुभव कोल्हापूरकर विसरलेले नाहींत.

मग पुतणीनें ती कांचेची तबकडी उजेडाकडे धरली. दुधावर साय धरावी तसा जीवाणूंचा एक सारखा थर तींत पसरला होता, आणि त्या थरास जागोजाग वाटोळीं, स्वच्छ भोकें पडलीं होतीं; जसें कसर लागलेलें रेशमी वस्त्र. "हे आपल्या पंचगंगेंतले भक्षक, आजी. जेथें जेथें एक भक्षक पडला तेथें तेथें त्यानें व त्याच्या संततीनें जीवाणु खाऊन ही जागा मोकळी केली."

मातोश्रींचा चेहरा उजळला. त्यांनीं विजयी मुद्रेनें दादांकडे पाहिलें. क्षणभर घरांतला वाद संपला असें आम्हांस वाटलें. परंतु पुतणी पुढें बोलूं लागली, आणि तिनें जें सांगितलें तोच ह्या साऱ्या खटाटोपाचा गाभा होय.

"पण आजी, हे भक्षक ज्या जीवाणूंवर जगतात ते जीवाणु आंतड्यांतले. मैलापाणी नदींत आल्याशिवाय ते येत नाहींत, आणि ते आल्याशिवाय हे भक्षक एवढे वाढत नाहींत. म्हणून जगांत कित्येक ठिकाणीं पाण्यांत असे भक्षक सांपडले कीं तें पाणी मैल्यानें बिघडलें आहे असें अनुमान करतात. हीं भोकें नदीच्या शुद्धतेचा दाखला नव्हेत. आपण नदींत काय सोडतों, त्याचा हा पंचनामा आहे."

आणखी एक गोष्ट तिनें सांगितली. पटकीचा जीवाणु हा मूळचा खाड्यांतला व किनाऱ्यावरच्या पाण्यांतला राहणारा. पाण्यांतल्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या अंगास तो चिकटून असतो. ढाक्याच्या आसपासच्या जलाशयांचें दीर्घकाळ निरीक्षण करून तेथील संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें कीं, पाण्यांत पटकीचे भक्षक वाढले कीं तो जीवाणु दुर्मिळ होतो, आणि साथ ओसरण्याच्या सुमारास हे भक्षक भराभर वाढलेले दिसतात. म्हणजे भक्षक साथीस आळा घालतात. पण ते येतात साथ भडकल्यावर. चोरी होऊन गेल्यावर शिपायांनीं गल्ली भरून जावी, त्यांतला हा प्रकार. शिवाय सारेच विषाणु जीवाणूचे वैरी नसतात. पटकीच्या रोग्यास जें विष मारतें तें १९५९ सालीं कलकत्त्यास शंभुनाथ डे ह्यांनीं प्रयोगानें दाखवून दिलें; आणि तें विष निर्माण करण्याची विद्या त्या जीवाणूस एका विषाणूनेंच दिली आहे, असें १९९६ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें. एक विषाणु जीवाणूस मारतो, दुसरा त्याच्या हातांत शस्त्र देतो! आणि काविळीचा विषाणु तर सरळ मनुष्यावरच येतो. २०१२ सालीं आपल्या शेजारीं, ह्याच पंचगंगेच्या काठीं, इचलकरंजींत काविळीची साथ आली आणि माणसें दगावलीं. नदींतले सारे भक्षक एकत्र झाले असते तरी त्या विषाणूचें त्यांस कांहीं करतां आलें नसतें.

मातोश्री कितीतरी वेळ ती तबकडी पाहत होत्या. मग त्यांनीं ती खालीं ठेवली आणि आम्हांस आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली.

त्यांचें माहेर कुरुंदवाडचें, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचें. १९४८च्या आगेमागें, त्या सात वर्षांच्या असतांना, घरच्या विहिरीचा रहाट मोडला. मृग नुकताच लागला होता. त्यांच्या आईनें त्यांस कळशी देऊन नदीवर पाठविलें. पाणी तांबूस होतें. पण नदीचें पाणी, त्यास नांव काय ठेवावयाचें? तें त्यांनीं डोईवरून घरीं आणलें, फडक्यानें गाळलें, आणि साऱ्यांनीं प्यालें. तिसऱ्या दिवशीं त्यांच्या चार वर्षांच्या भावास पटकी झाली. सकाळीं तो अंगणांत खेळत होता. दिवेलागणीस तो नव्हता. "नवें पाणी घरांत आणूं नये, हें आईनें त्यानंतर ठरविलें. कळशी कोणीं आणली होती, हें ती कधीं बोलली नाहीं. मीहि बोललें नाहीं." एवढें सांगून त्या थांबल्या. मग नातवाकडे पाहून म्हणाल्या, "आणि ह्याला मीच सांगत होतें, नदी कोणाला कांहीं करीत नाहीं म्हणून."

दादा कांहीं बोलले नाहींत. पुतणीनें आजीचा हात धरला आणि म्हणाली, "तूं सात वर्षांची होतीस, आजी. ज्यांनीं सूक्ष्मदर्शक पाहिला त्यांसहि तेव्हां सारें माहीत नव्हतें." वास्तविक रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यास एका तळ्याच्या पाण्यांत पटकीचा जीवाणु पाहिला होता, पण शास्त्रज्ञानें पाहिलेली गोष्ट कुरुंदवाडच्या विहिरीपर्यंत पोंचण्यास साठ-पासष्ट वर्षेंहि पुरीं पडलीं नव्हतीं. आणि आम्हांस वाटलें, ती आपल्या घरांत तरी पुरती कोठें पोंचली आहे?

म्हणून ह्या ठिकाणीं गृहिणींकरितां चार शब्द लिहिणें अवश्य आहे. पाणी वस्त्रगाळ करण्याची आपली जुनी रीत टाकाऊ नव्हे. बांगला देशांतील खेड्यांत जुनें सुती लुगडें निदान चार वेळां घडी करून त्यांतून पाणी गाळावयास लाविलें, तेव्हां पटकीचें प्रमाण जवळ जवळ निम्म्यानें कमी झालें. हा प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला आहे. पटकीचा जीवाणु ज्या सूक्ष्म प्राण्यांस चिकटून राहतो ते प्राणी कापडांत अडकतात, हें त्याचें कारण. एकेरी फडकें मात्र उपयोगाचें नाहीं, आणि सुटा जीवाणु किंवा काविळीचा विषाणु कोणतेंच लुगडें अडवीत नाहीं. तुरटीनें गाळ बसतो, रोग जात नाहीं. म्हणून पाणी प्रथम गाळावें, मग खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसेंच उकळूं द्यावें, त्याच भांड्यांत झांकून निववावें, आणि ओगराळ्यानें काढून घ्यावें. हात बुडवूं नये. शहरास २०२३ पासून काळम्मावाडी धरणाचें पाणी थेट नळानें मिळूं लागलें आहे, ही मोठी सोय झाली. तरी पावसाळ्याच्या आरंभीं आणि पुरानंतर आम्ही उकळल्यावांचून पाणी पीत नाहीं.

राहिली नदी. जयंती आणि दुधाळी ह्या नाल्यांवाटे शहराचें सांडपाणी पंचगंगेस जाऊन मिळतें, हें आपण सर्व जाणतों. तें अडवून शुद्ध करण्याचीं केंद्रें उभीं राहिलीं आहेत. काम पुष्कळ बाकी आहे. "नदी वाहती आहे, ती आपलें आपण पाहून घेईल," ह्या वाक्याच्या आधारावर आपण वर्षानुवर्षें तिच्यावर भार टाकीत आलों. नदी आपल्याकडून जेवढें होतें तेवढें करतेच. तबकडींतलीं भोकें त्याचीच साक्ष देतात. परंतु तिच्या अंगीं घाण पचविण्याची शक्ति आहे म्हणून तिला घाणच द्यावी, हा कोठला न्याय? घरांतली म्हातारी सारें सोसते म्हणून तिच्याच माथीं सारें टाकणाऱ्या कुटुंबास आपण काय म्हणतों?

कार्तिक आला. निर्णय मातोश्रींनीं स्वतःच केला आणि कोणास विचारला नाहीं. महिनाभर त्यांनीं घरींच पहांटे स्नान केलें. त्रिपुरी पौर्णिमेस पहांटे घाटावर दीपोत्सव असतो. हजारों पणत्यांनीं पायऱ्या उजळून निघतात आणि पाण्यांत त्यांचें दुसरें नगर उभें राहतें. त्या दिवशीं त्या आम्हां सर्वांस घेऊन घाटावर गेल्या. शेवटच्या पायरीवर घोट्याइतक्या पाण्यांत उभ्या राहून त्यांनीं नदीस अर्घ्य दिलें, हळदकुंकू वाहिलें. आचमनाची वेळ आली तेव्हां त्यांनीं पिशवींतून घरून आणलेला, उकळून निवविलेल्या पाण्याचा तांब्या काढला. शेजारच्या एका बाईंनीं आश्चर्यानें विचारलें, "नदींत उभ्या राहून घरचें पाणी?"

"तिचें घेऊन घेऊन झालें," मातोश्री म्हणाल्या. "आतां जरा तिला निवूं दे."

मग त्यांनीं दोन पणत्या द्रोणांत ठेवल्या. एक नेहमींची. दुसरी कोणाची, हें आमच्यापैकीं कोणीं विचारलें नाहीं. ते दोन्ही द्रोण थोडा वेळ कांठाशीं घोटाळले, आणि मग प्रवाहांत शिरून शिरोळकडे, कुरुंदवाडच्या दिशेनें वाहूं लागले.